धग पाहायला शिकवणारे नाना

नानांचा अमृतमहोत्सव आहे, गौरवग्रंथ निघतो आहे, तुम्ही लिहायलाच हवं, असा समितीचा निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी खुद्द नानांचा फोन आला. "लिहायचं तर लिही. पण नुसती ओवाळणी नको. माझ्या चुका लिही, तुझ्याही लिही. वाचणाऱ्याच्या उपयोगी पडतील." स्वतःच्या गौरवग्रंथासाठी असा हुकूम काढणं श्री. यशवंत दगा पाटील यांनाच जमू शकतं. ज्यांना त्यांचा सहवास लाभला त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्यांना लाभला नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

नाना मूळचे शहादा तालुक्यातल्या कळसाडीचे, ऊस-कापसाच्या घरातले. त्यांची सारी नोकरी कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात, इंधन विभागात झाली. कोळसा कुठून घ्यायचा, कसला घ्यायचा, त्यातून निघणारी वीज काय भावाने पडते, हे पाहणं त्यांचं काम. केंद्राचं नाव मी लिहीत नाही. नाना म्हणतात, चुका माणसं करतात, धुराड्याचं नाव कशाला खराब करायचं?

मी म्हसावदची. आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी दुकान टाकलं. वडिलांनी किराण्याच्या जोडीला हंगामात मिरचीची खरेदी सुरू केली. त्या घरातून इंजिनीयर झालेली मी पहिलीच. वडिलांनी नोकरीला परवानगी दिली ती मोजून एका वर्षाची. "वर्षभर कर हौस. जमलं तर पाहू, नाही तर परत ये. स्थळं काय, थांबलेलीच आहेत." म्हणजे कामात जरा जरी ठेच लागली तरी माझी रवानगी परत दुकानाच्या मागच्या खोलीत, हे पक्कं होतं.

अशी मी रुजू होण्याचा कागद घेऊन नानांच्या टेबलापुढे उभी राहिले. त्यांनी नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत.

"गाव?"

"म्हसावद."

"म्हणजे दुकानदाराची आंडेर!" आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगी. एवढ्या मोठ्या कार्यालयात, शुद्ध मराठीच्या गराड्यात, तो शब्द ऐकून मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. "मग सांग, तुमच्याकडे मिरची कशी घेतात? वजनावर का मापावर?"

"वजनावर."

"हं," म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, मुलाखत छान झाली. अहो, कसली छान! त्या एका 'हं'चा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला.

नानांच्या विभागात दोन रिवाज होते. पहिला म्हणजे कुणालाही नावाने हाक मारायची नाही, गावाने मारायची. नाना सगळ्यांचे 'कळसाडी', मी 'म्हसावद', आमचे एक सहकारी 'कोरीट'. दुसरा रिवाज चुकांच्या वहीचा. निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही नानांच्या टेबलावर असे. ज्याच्या हातून चूक होईल त्याने ती स्वतः लिहायची, गावाच्या नावाने. नानांचं म्हणणं असं की माणूस स्वतःच्या नावाला जपत नाही इतका गावाच्या नावाला जपतो. नव्या माणसाने पहिल्या दिवशी ती वही सर्वांपुढे मोठ्याने वाचायची आणि मगच त्याला चहा मिळायचा.

मी वाचायला लागले. पहिल्याच पानावर होतं: "कळसाडी. पावसाळ्याआधी कोळशाचा साठा पाहिला नाही. गाड्या येतीलच असं धरून चाललो." मला हसू आलं. "हे कळसाडी कोण हो? एवढं साधं कळलं नाही?" सगळे आपापल्या कपात पाहू लागले. नाना म्हणाले, "मी." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नानांनी मात्र माझ्या कपात स्वतः चहा ओतला.

सहा महिने बरे गेले. मग पावसाळ्याच्या तोंडाशी खाणींकडून येणारा कोळसा कमी पडू लागला आणि थोडा कोळसा बाहेरून घ्यायचं ठरलं. दोन प्रस्ताव आले. एक महाग, एक चांगलाच स्वस्त. तुलनेचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी दुकानदाराची लेक! टनाचा भाव पाहिला, वाहतूक मिळवली, आणि खाली ठसक्यात लिहिलं, "दुसरा प्रस्ताव स्वीकारावा." नाना बैठकीला निघाले होते, चपला पायात घालता घालता त्यांनी सही केली. वरच्यांनीही केल्या.

कोळसा आला. ओला गच्च, आणि त्यात दगड. कोळसा दळणाऱ्या गिरण्या दिवसभर दाढा वाजवल्यासारख्या आवाज करायच्या. बॉयलरमधली ज्योत धरेना, मग ती टिकवायला तेल फवारावं लागलं. कोळशाच्या केंद्रात तेल जाळणं म्हणजे चुलीत तूप ओतणं. राख तर इतकी की नेता नेववेना. घेताना स्वस्त असलेला कोळसा विजेत उतरला तेव्हा महागात पडला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण नाना ती प्रत्येकाला सांगतात. आपल्या देशाची वीज एकाच मोठ्या जाळ्यात फिरते आणि तिथे पंगतीचा नियम आहे. ज्याची वीज स्वस्त त्याला आधी बोलावणं, ज्याची महाग तो शेवटच्या पंगतीला. आमचं केंद्र तोवर पहिल्या पंगतीत बसत असे. माझ्या तक्त्याने ते शेवटच्या पंगतीत गेलं. वीज कमी करा, असे फोन येऊ लागले. गिरणीवाले मला पाहिलं की विचारायचे, "काय म्हसावद, आज किती दगड शिजवायचे?"

नानांनी वही पुढे सरकवली. मी लिहिलं: "म्हसावद. कोळसा वजनावर घेतला." नानांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: "धगेवर घ्यायचा असतो. सही करताना न विचारणारा: कळसाडी."

त्या दिवसापासून आमच्या विभागात एक वाक्प्रचारच रूढ झाला. कुणी नुसता वरवरचा भाव पाहून बोलू लागला की दुसरा म्हणायचा, "अरे, म्हसावद करू नको!" आजही म्हणतात. माझं गाव काय, मिरचीसाठी आणि बाजारासाठी प्रसिद्ध. मी त्याला आणखी एक कीर्ती मिळवून दिली.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. ही गोष्ट म्हसावदला पोचणार आणि वडील परत बोलावणार, हे मला दिसत होतं. त्यांनी बोलावण्याआधी आपणच गेलेलं बरं, असं मनाशी ठरवून मी राजीनामा लिहिला आणि नानांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी केली आणि चुकांच्या वहीत ठेवून दिला.

"बठ आठे," म्हणाले. इथे बस. "इचार करीसन सांगस." विचार करून सांगतो.

मग त्यांनी पहिल्या पानावर नसलेली गोष्ट सांगितली. ज्या वर्षी त्यांनी साठा पाहिला नाही, त्या वर्षी खाणींत पाणी शिरलं. गाड्या यायच्या थांबल्या. कोळशाच्या आवाराची जमीन दिसू लागली, संच बंद करावे लागले, गावोगावची वीज गेली. कळसाडीत नेमकी उघडीप होती आणि ऊस पाण्याला आलेला. नानांचे मोठे भाऊ दिवसच्या दिवस विहिरीवर पंपाच्या बटणापाशी बसून राहिले. पोळ्याला नाना घरी गेले. पंगत बसली, भाऊ गप्प. पुरणपोळी वाढून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुन्हा कोयसा संपना का, भो?" तुझा कोळसा संपला का, भाऊ? त्यात राग नव्हता, म्हणूनच ते नानांना जास्त लागलं. परत आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते बाजारातून निळी वही आणायचं.

"मीही राजीनामा लिहिला होता," नाना म्हणाले. "मग विचार केला, मी गेलो तर माझ्या खुर्चीत जो बसेल, तो हीच चूक पुन्हा पहिल्यापासून करील. चुकलेला माणूस फुकट घालवायचा नसतो, पोरी. त्याच्यावर खर्च झालेला असतो."

त्याच रविवारी ते मला कळसाडीला घरी घेऊन गेले. मी कांदा-लसूण खात नाही हे त्यांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, आधीच कळवून ठेवलं होतं. काकूंनी माझ्यासाठी उडदाच्या डाळीला वेगळी फोडणी दिलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तुपाचा गोळा. एवढ्या गडबडीच्या आठवड्यात ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

जेवण झाल्यावर परीक्षा सुरू झाली. अंगणात दोन चुली मांडल्या. एकीला वाळलेलं बाभळीचं लाकूड, दुसरीला रात्रभर हौदाजवळ पडलेलं ओलं. दोन्ही वजन करून सारखी. दोन्ही चुलींवर सारख्या पातेल्यांत आधण ठेवलं. वाळल्या लाकडावर पाणी खळखळ उकळलं, काकूंनी त्याचा चहा करून आम्हाला पाजलासुद्धा. दुसरीकडे नुसता धूर. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाना म्हणत होते, "तू वजन देखं, धग नही देखी. पाणी पण वजनातच येतं, दगड पण वजनातच येतो. वीज फक्त धगेतून येते."

काकू पदराने धूर सारत म्हणाल्या, "हाई सांगाले इंजिनेर कसाले लागस? कोणत्याही बाईला विचारा." मग त्यांनीच मला पुढचा धडा दिला. भाकरी करायच्या तर बाभूळ हवी, ती सावकाश पेटते आणि टिकते. पाहुणा आला, पटकन चहा हवा, तर कापसाच्या पऱ्हाट्या, भडकन पेटतात आणि भडकन विझतात. दोन्ही घरात असाव्या लागतात, आणि कोणती केव्हा लावायची हे कळावं लागतं. कोळसा दिवसरात्र का जाळतात आणि धरणाचं पाणी संध्याकाळच्या गर्दीसाठी का राखून ठेवतात, हे मी कॉलेजात चार वर्षं शिकले होते. समजलं मात्र त्या अंगणात.

राजीनाम्याचं उत्तर काही आलं नाही. त्याऐवजी पुढच्या बाजाराच्या दिवशी नाना आमच्या म्हसावदच्या दुकानात आले. पाव किलो चहा आणि गूळ मागितला आणि ओट्यावर टेकले. मी रजेवर घरी आलेली, आत पडद्यामागे, जीव मुठीत धरून.

"साहेब, पोरीने नुकसान केलं असं ऐकतो," वडील म्हणाले.

"केलं."

"मोठं?"

"मोठं. शेठजी, एक विचारू? तुम्ही कधी पावसात भिजलेली मिरची वजनावर घेतली आहे?"

तराजूचा आवाज थांबला.

"एकदा," वडील म्हणाले.

"मग?"

"मग काय, वाळली."

"किती उरली?"

"ते विचारू नका, साहेब."

"दुकान बंद केलंत?"

वडील हसायला लागले. आमच्या वडिलांना गिऱ्हाइकापुढे असं खदखदून हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. गुळाचा खडा कागदात बांधत ते म्हणाले, "राहू द्या तिला. तुमच्यापाशी राहू द्या." वर्षाची मुदत पुन्हा कधी निघाली नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, बदल्या झाल्या, नोकरी चालू राहिली. आज त्याच विभागाची प्रमुख म्हणून मी ज्या खुर्चीत बसते, ती त्या ओट्यावर मिळालेली आहे.

नानांच्या कामाच्या पद्धतीविषयी किती सांगावं! नमुना घ्यायचा तर ते स्वतः मालगाडीच्या वाघिणीवर चढत आणि वरचा कोळसा बाजूला सारून तळातला काढायला लावत. "वरचा दाखवायला असतो, खालचा जाळायला." लग्नकार्यात गेले तर नवरानवरीआधी आचाऱ्याच्या भट्टीपाशी. हात शेकत लाकूड कोणतं ते सांगणार आणि आचाऱ्याशी वाद घालणार. काकू म्हणायच्या, यांना आहेर म्हणून कोळशाची पाटी द्या, खूश होतील. एकदा माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी खरंच एक लहानशी चकचकीत कोळशाची ढेप, छान कापडात बांधून आणली. ती अजून आमच्या काचेच्या कपाटात आहे.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निळी वही माझ्या हाती दिली. मी उघडून पाहिली, माझा राजीनामा आत तसाच.

"नाना, याचं काय?"

"इचार करी ऱ्हायनू," म्हणाले. अजून विचार चालू होता!

निवृत्तीनंतर नाना कळसाडीला परतले आणि स्वस्थ बसायचं सोडून एक फळा घेऊन गावोगाव फिरू लागले. कोरीट म्हणू नका, म्हसावद म्हणू नका, जिथे ओटा तिथे नाना. 'तुमच्या बटणामागे काय जळतं?' हा त्यांचा विषय. फळ्यावर ते कोळसा, गॅस, पाणी, अणू, उसाची चिपाडं, सूर्य अशी नावं लिहीत आणि प्रत्येकापुढे इंधनाचा भाव कसा ठरतो ते सांगत. कोळशाचं अर्धं दुखणं खाणीत नसून रेल्वेच्या वाटेत आहे, गॅस परदेशातून येतो आणि त्याचा भाव तिथल्या भांडणांवर हलतो, असं सगळं, आणि सगळं अहिराणीत. सूर्यावर मात्र ते जरा खट्याळपणे बोलत. "सूर्य म्हणजे जावई. आला तर दिवाळी. पण जावयाच्या भरवशावर घर चालवायचं नसतं." लोक खूप हसत.

आता ती गोष्ट, जी लिहायची का नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण नानांचा हुकूम आहे.

अलीकडेच म्हसावदच्या बाजाराच्या दिवशी, आमच्याच दुकानाच्या ओट्यावर, नानांचं बोलणं चालू होतं. मी रजेवर होते, शेजारी उभी राहून खडू देत होते. बोलणं संपत आलं तेव्हा मागून एक गृहस्थ उठले. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे सायसिंग पावरा. केस पिकलेले, बोलणं सावकाश, एकेक मराठी शब्द पारखून घेतलेला.

"साहेब, फळ्यावर कोळसा आहे, गॅस आहे, पाणी आहे. रॉकेलचा भाव का नाही?"

"रॉकेलवर वीज करत नाहीत," नाना म्हणाले.

"आमच्याकडे वीज नव्हती तेव्हा रॉकेलच जळत होतं. तो भाव आम्ही दिला. आणि पाण्यापुढे तुम्ही शून्य लिहिलं आहे. माझ्या मामाचं शेत त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. शून्य कसं?"

नानांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि नानांचा चेहरा उतरला. मलाही ओळख पटली, आणि माझ्या हातातला खडू मोडला.

नाना निवृत्त होण्याच्या आधीची गोष्ट. डोंगरातल्या पाड्यांना वीज कशी द्यावी हे ठरवायला एक समिती बसली होती, नाना तिचे जाणकार सदस्य होते. हेच सायसिंगभाऊ, तेव्हा तरुण, पाड्याच्या वतीने आले होते. त्यांची मागणी साधी होती: तारा येतील तेव्हा येतील, तोवर सूर्यावरचे दिवे द्या. नानांनी अभिप्राय दिला होता की सूर्याची वीज कोळशाच्या विजेच्या कितीतरी पट महाग आहे, तारा दोन-तीन वर्षांत येतीलच, थोडं थांबावं. अभिप्रायाला जोडलेला तक्ता मी केला होता. तारा दोन-तीन वर्षांत आल्या नाहीत. पाड्यावरची लहान मुलं आईबाप झाली, तेव्हा आल्या.

नानांनी खिशातून रुमाल काढला आणि पाण्यापुढचं शून्य पुसलं. दुसरं काही लिहिलं नाही. "पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे येतो," एवढंच म्हणाले.

आणि गेले. मीही बरोबर होते. पंचाहत्तरीला आलेला माणूस, गुडघे दुखतात, शेवटची चढण पायीच होती. मी दोनदा म्हटलं, नाना, इथूनच निरोप धाडू. ऐकतील तर ते नाना कसले! सायसिंगभाऊंच्या अंगणात खाट टाकली होती. त्यांच्या पत्नींनी पाणी दिलं आणि पावरी बोलीत काही विचारलं. सायसिंगभाऊ जरा घुटमळले, मग म्हणाले, "ती विचारते, थांबा म्हणणारे साहेब ते हेच का?"

"हेच, म्हणून सांगा," नाना म्हणाले. मग ते खाटेवरून उठून उभे राहिले. "मी तुमच्या दिव्याची तुलना आमच्या कोळशाशी केली. ती तुमच्या रॉकेलशी करायची होती. तुमच्या घरात काय जळतं, हे मी विचारलंच नाही. माझं चुकलं, भाऊ."

सायसिंगभाऊंनी त्यांना परत खाटेवर बसवलं. "तुम्ही लिहिलं नसतं तरी कदाचित थांबावंच लागलं असतं, साहेब. आमचं कोण ऐकतं? पोरं रॉकेलच्या चिमणीवर शिकली. काही शिकली, काही नाही शिकली." मग म्हणाले, "पण येऊन सांगणारे तुम्ही पहिले." त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. तसं मी इथे लिहिणार नाही. निघताना त्यांच्या पत्नींनी नानांच्या हातात घरच्या अमचुराची पुडी ठेवली आणि नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

खाली उतरल्यावर गाडीतच नानांनी वही मागितली. मला माहीत होतं मागतील, म्हणून मी ती आणली होती. त्यांनी स्वतः लिहिलं: "कळसाडीने म्हसावद केलं. तक्ता करणाऱ्या म्हसावदने दुसऱ्यांदा म्हसावद केलं. ज्याच्या घरी दिवा लावायचा, त्याच्या घरात आज काय जळतं आणि ते त्याला काय भावाने पडतं, हे आधी विचारावं." माझ्याकडे वही देत म्हणाले, "कर सही." मी केली. ते पान आता नव्या पोरापोरींना सर्वांत शेवटी वाचायला लावते. ते वाचून झाल्याखेरीज चहा नाही.

जन्मभर कोळशाच्या बाजूने बोललेला माणूस आता फळ्यावर सूर्य सर्वांत वर लिहितो. जावयाचा विनोद त्यांनी बंद केला आहे. दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरायची सोय काय भावाने पडते, याची चौकशी करायला ते मला आठवड्यातून दोनदा फोन करतात आणि उत्तर गुळमुळीत वाटलं की ओरडतात, "अगं, धग सांग, धग!" पाण्यापुढे शून्य लिहीत नाहीत. तिथे ते जागा मोकळी सोडतात, आणि कुणी विचारलंच तर सायसिंगभाऊंच्या मामाच्या शेताची गोष्ट सांगतात.

नाना, माझ्यावर तुमचे उपकार किती, हे इथे मांडत बसले तर तुम्ही पान फाडाल. एवढंच म्हणते की तुम्ही माझी चूक झाकली असती, तर मी तुमची ऋणी झाले असते आणि विसरूनही गेले असते. तुम्ही ती गावाच्या नावासकट लिहायला लावलीत आणि मग माझ्यासाठी कळसाडीत चूल मांडलीत, म्हसावदला ओट्यावर येऊन बसलात. म्हणून मी आज आहे तिथे आहे.

काकूंच्या हातची भाकरी तुम्हाला रोज मिळो, गुडघे साथ देवोत, फळा सुटू नये. आणि एक राहिलेलं काम. काल वही उघडली तर माझा राजीनामा अजून तिथेच आहे, घडीवर पिवळा पडलेला. त्यावर तुमचा निर्णय आलेला नाही. तुमच्या निर्णयाशिवाय मला नोकरी सोडता येत नाही आणि निर्णय दिल्याशिवाय तुम्हाला कुठे जाता येत नाही. घाई अजिबात नाही, नाना. आणखी पंचवीस वर्षं सावकाश विचार करा.